शेणाने सारवलेलं खळं

शेजारच्या किशोरीवहिनींचा कुत्रा टिपू पार्व्होने मेला, त्याला आठवडाही झाला नव्हता. तरी वहिनींनी दोडामार्गच्या भावाकडून, बाबूकडून, दुसरं पिल्लू आणलं. जनावरांचे डॉक्टर आम्हा दोघांसमोर बजावून गेले होते, हा विषाणू मातीत वर्षभर राहतो, इथे लस न टोचलेलं पिल्लू आणू नका.

"खळां शेणान सारवलंय मां, भावजी! आता तो रोग खंय रवतलो?" वहिनी म्हणाल्या.

शेणाने अंगण सारवलं की सगळं शुद्ध होतं, हे आम्हाला लहानपणापासून पाठ. पार्व्होला ते कोणी शिकवलं नव्हतं. पण बाईमाणूस घरात एकटी, तिला सोबत हवी, म्हणून मी गप्प बसलो. तेव्हाच तोंड उघडलं असतं तर बरं झालं असतं.

पिल्लू खळ्यात लोळलं, तुळशीजवळची माती चाटत बसलं. सहाव्या दिवशी ओकायला लागलं, मग रक्ताची हगवण. सलाईनही उपयोगी पडलं नाही.

आज सकाळी मी त्याला माडाखाली, टिपूच्या शेजारी पुरलं. हात धुऊन आलो, तर वहिनी खळ्यात ओणव्या होऊन सारवत होत्या.

"बाबूकडे अजून एक पिल्लू आसा," मान वर न करता त्या म्हणाल्या. "खळां सुकलां की तो घेवन येतलो."