एकाच दिवसात, प्रमाणपत्रासह

१०.०० ते ११.१५ : डेटाबेस म्हणजे काय?

बीडच्या त्या हॉलमध्ये कोर्सच्या सरांनी याचं उत्तर दीड मिनिटात दिलं होतं. "डेटाबेस म्हणजे कपाट. तुम्ही कपाटाचे मालक." ऐंशी पोरं-पोरी टाळ्या वाजवत होती. नेकनूरची तेजश्रीही वाजवत होती. चारशे नव्व्याण्णव रुपये, एक रविवार, आणि संध्याकाळी तुम्ही डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटर! खरं तर तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली होती. शिलाई शिकायला तिला सहा महिने लागले होते, आणि तरी बाही उलटी बसायची. पण पत्रकावर टाय घातलेली एक मुलगी हसत होती.

आज बुधवार. सव्वादहा वाजलेत. वडवणीच्या एका धर्मादाय दवाखान्यात, नोंदणीच्या खिडकीमागं, कपाटाची मालकीण बसली आहे. खिडकीतून बायडाबाई विचारतायत,

"पोरी, माझ्या कार्डाला लाल दोरा व्हता. तुझ्या कॉम्प्युटरात बी लावलास न्हवं?"

"हो मावशी, लावला." लाल दोरा म्हणजे काय, हे तेजश्रीला माहीत नव्हतं. रांग मोठी होती, एवढंच तिला माहीत होतं. बायडाबाई इंजेक्शनच्या खोलीकडं गेल्या.

११.१५ ते ११.३० : चहा

चहा घेऊन इसाकचाचा आले. वीस वर्षं या दवाखान्याची कार्डं त्यांनी सांभाळली. तेजश्री आल्यापासून ते चहा सांभाळतात.

"चाचा, कार्डाला लाल दोरा कशाला असायचा हो?"

"सुईची रिॲक्शन आली की कोपऱ्यात भोक पाडून मी दोरा बांधायचो. बायांना वाचता कुठं येतं? दोरा मात्र समद्यांना वळखू येतो. सिस्टर दोरा बघायची, ती सुई द्यायचीच न्हाई." त्यांनी कप ठेवला. "कावून इचारलीस, बेटा?"

तिनं बायडाबाईंचं नाव टाकलं.

नवीन पेशंट. नोंदणी : आज. रिॲक्शन : नाही.

नवीन? बायडाबाई तर बारा वर्षं

११.३० ते १.०० : डुप्लिकेट नोंदी उडवा!

सगळ्यात मजेचा तास. एक आज्ञा लिहायची, एंटर दाबायचं. "मोबाइल नंबर ज्याचा त्याचा वेगळा असतो," सर म्हणाले होते. "नंबर तोच, म्हणजे नोंद डुप्लिकेट. शेवटची ठेवा, बाकीच्या उडवा."

सर कुठले होते कोण जाणे. त्यांच्याकडं प्रत्येकाच्या खिशात फोन असणार. इथं घराला फोन एक, तोही पोराच्या नाहीतर ऊसतोडीच्या मुकादमाच्या हातात. सासू, सून, दोन नाती, शेजारची म्हातारी, सगळ्या जणी खिडकीशी एकच नंबर सांगतात. तेजश्रीची आईसुद्धा तेजश्रीचाच सांगते. हे तिला माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं. तरी तीन आठवड्यांपूर्वी तिनं एंटर

दाबलं होतं.

चार हजारांचे सोळाशे झाले. "सॉफ्टवेअर पळायला लागलं की!" डॉक्टर अभिमन्यू खूश झाले होते. उडालेली माणसं मग एकेक करून खिडकीशी येत राहिली आणि तीच त्यांना नवीन म्हणून घालत राहिली. रिॲक्शनच्या रकान्यात सॉफ्टवेअर आपोआप 'नाही' लिहितं.

खुर्ची मागं पडली. ती धावली.

सरस्वतीबाई सिस्टरच्या हातात भरलेली सुई होती. बायडाबाईंनी दंड उघडा केला होता.

"देऊ नका!"

"काय गं, भूत बघितल्यावानी? स्क्रीनवर न्हाई म्हणून लिवलंय."

"स्क्रीन खोटी आहे."

बायडाबाईंनी पदर सारखा केला. "मी कवाची सांगायले ह्या बाईला, दोरा हाय, दोरा हाय. ही म्हणती, कॉम्प्युटरनं बघितलंय."

१.०० ते १.४५ : जेवण (डबा आपापला)

या वेळा सरांच्या पत्रकातल्या. दवाखान्याच्या भिंतीवर अजून साडेदहाच होते आणि बाहेर तीस बाया बसल्या होत्या.

१.४५ ते ३.०० : बॅकअप. झोपा निर्धास्त!

बॅकअप ती रोज घ्यायची. रोज हिरवी खूण यायची. आज तिनं तो पहिल्यांदा उघडून बघितला. आत सोळाशे आणि नंतरचे थोडे. रोजचा बॅकअप कालच्याच फाइलवर बसत होता. तीन आठवडे ती नेमानं आपली चूक जपून ठेवत होती.

तिनं सरांना फोन लावला. "उडवलेल्या नोंदी परत कशा आणायच्या, सर?"

"रिस्टोअर? ते ॲडव्हान्स बॅचला, मॅडम. येत्या रविवारी. जुन्या विद्यार्थ्यांना सवलत आहे."

"सर, इथं माणूस मरेल हो."

"घाबरू नका. लिंक पाठवू का?"

तिनं फोन कापला. "चाचा, जुनी कार्डं कुठंयत?"

"रद्दीत. तूच म्हणलीस ना, आता कशाला जागा अडवायची." चाचांनी खाली बघितलं. मग खणातून दुधाची एक रिकामी पिशवी काढली. "हे तेवढे सोडून घेतलते. रद्दीत घालू वाटंना."

पिशवीत लाल दोरे होते. दोघांनी टेबलावर मोजले. पुन्हा मोजले.

त्रेसष्ट.

त्रेसष्ट माणसं, आणि एकाचंही नाव नाही.

३.०० ते ४.३० : शंका-समाधान

हा तास झालाच नव्हता. सरांची गाडी निघणार होती.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. आधी इंजेक्शनं थांबवली. मग दार लोटून घेतलं. "हे बाहेर कळलं तर उद्या इथं कोण येईल, तेजश्री?"

"नाही कळलं तर कोण येईल, सर? आणि आलेलं घरी कसं जाईल?"

ती रांगेपुढं जाऊन उभी राहिली. "ज्यांच्या कार्डाला लाल दोरा होता, त्यांनी हात वर करा."

"कावून? आता हिरवा देणार हायती का?" कुणीतरी म्हणालं. बाया हसल्या.

"ते दोरे माझ्याकडून हरवले. कुणाचा कोणता, ते मला माहीत नाही."

हसू थांबलं. एक हात वर आला. दुसरा. मग आणखी दोन.

भिंतीशी बसलेली मंजुळाबाई हात न उचलता म्हणाली, "माझ्या सासूचा व्हता, साखराबाईचा. मागच्या सोमवारी येऊन गेली की ती."

तेजश्री तिच्यापाशी गेली. "कशा आहेत?"

"घरी हाय तापानं पडून. सुई घेतलीच न्हाई तिनं. म्हणली, आदी दोरा दाखव. न्हाई दाखवला, मग आली उठून."

४.३० ते ५.०० : प्रमाणपत्र वाटप आणि फोटो

साखराबाईंकडं डॉक्टर स्वतः गेले. जाताना तेजश्रीला म्हणाले, "बाकीचे सत्तावन्न सापडेपर्यंत तू नोकरी सोडून कुठं जायचं नाहीस. पुढचं पुढं."

दुपारच्या एसटीनं ती आणि चाचा पहिल्या गावात उतरले. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून चाचांनी पुकारलं, "वडवणीच्या दवाखान्यात ज्यांच्या कार्डाला लाल दोरा व्हता, त्यांनी पारापाशी यावं." तिघी आल्या. तेजश्रीनं तीन दोऱ्यांना तीन नावाच्या चिठ्ठ्या बांधल्या.

"तुळजाबाईचा बी व्हता," त्यातली एक म्हणाली.

"त्या कुठंयत?"

"गेली की परवा टोळीसंगं, ऊसतोडीला. अंगात कणकण व्हती. म्हणली, तिकडं दाखवीन डाक्टरला. तुमचा कॉम्प्युटरचा छापील कागद घिऊन गेलीय, काळजी नगं. त्याच्यावर समदं लिवलेलं असतंय म्हणं."

काय लिहिलेलं असतं, ते तेजश्रीला पाठ होतं. रिॲक्शन : नाही.

तिनं मोबाइलमध्ये नोंद उघडली. तुळजाबाईंच्या नावापुढं मुकादमाचा नंबर होता. बावीस बायकांचा एकच नंबर. तिनं तो लावला.

रिंग वाजत राहिली. चाचांनी पिशवी छातीशी धरली होती. रिंग वाजत होती. कुणी उचलत नव्हतं. तिनं पुन्हा लावला.