उत्तराच्या नावाचा पुरस्कार

उत्तराच्या पुण्यानुमोदनाला विहार भरला होता. सगळ्यांत पुढे राजाराम धिवार खाली मान घालून बसला होता. भंतेजींनी पंचशील दिलं. नशापाणी न करण्याचं पाचवं शील आलं आणि राजाराम म्हणता म्हणता थांबला. लोकांना वाटलं, बायको आठवली. आठवली होतीच, पण लोकांना वाटलं तशी नाही.

राजाराम अकरा वर्षं व्यसनमुक्ती समितीचा अध्यक्ष होता. दारूच्या थेंबाला त्यानं कधी हात लावला नाही. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या कुंदाचा केतन बिल्डिंगच्या गच्चीवर गांजा ओढताना सापडला, तेव्हा पोलिसांना फोन त्यानंच केला. कुंदा पाया पडली. पोराच्या कानाखाली वाजवा, पण पोलीस नको, म्हणाली. कायदा सगळ्यांना सारखा, असं सांगून त्यानं दार लावून घेतलं. केतनवर केस झाली, मरोळच्या कंपनीतली नोकरी गेली. तेव्हापासून कुंदा त्याच्याशी बोलत नव्हती. उत्तराच्या आजारात मात्र रोज दुपारी येऊन तिच्या उशाशी बसायची.

उत्तरा मिसरी लावायची. घाटकोपरच्या डोंगरावर राहायचे तेव्हापासूनची सवय. तिथं पहाटे संडासाला रांग असायची. मिसरी लावली की पोट वेळेवर साफ होतं, दोनदा रांगेत उभं राहावं लागत नाही, हे राजारामच्या आईनं तिला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात शिकवलं. तंबाखू राजाराम आणायचा. ती जुन्या तव्यावर भाजायची, कुटायची, आणि वासावर आळीतल्या बायका चिमूटभर मागायला यायच्या. बिल्डिंगमध्ये आले, घरात संडास आला, रांग संपली. मिसरी राहिली. समितीची मीटिंग आटपून घरी येताना राजाराम कोपऱ्यावरच्या दुकानातून पुडा घेऊन यायचा. आपण काही वावगं करतोय असं त्याच्या मनातही आलं नाही.

मग तिच्या गालात आतून फोड आला. डॉक्टरांनी विचारलं, बाईंना काही व्यसन? उत्तरानं तोंड उघडलं, पण राजारामनंच उत्तर दिलं.

"नाही साहेब. आमच्या घरात कसलंच व्यसन नाही."

उत्तरानं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि तोंड मिटलं. डॉक्टरांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या. पाच महिने गोळ्याच चालल्या. पुढे मोठ्या हॉस्पिटलात निदान झालं, तेव्हा तिथली डॉक्टरीणबाई सरळ म्हणाली, तंबाखूचं कळलं असतं तर आधीच्या डॉक्टरांनी लगेच तपासायला पाठवलं असतं. संघमित्रा, त्याची मुलगी, शेजारी उभी होती. घरी आल्यावर तिनं एवढंच विचारलं, "पप्पा, दुकानात मिळतं म्हणून ते व्यसन नव्हतं का?"



आता विहारात श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. समितीचा सचिव श्यामसुंदर उठला. उत्तराताईंचं घर म्हणजे वस्तीपुढचा आदर्श, असं म्हणाला. समितीनं यंदापासून निर्व्यसनी कुटुंबाला पुरस्कार द्यायचं ठरवलंय, त्याला उत्तराताईंचं नाव द्यायचंय, राजारामभाऊंनी फक्त हो म्हणायचं. माइक त्याच्या हातात आला.

राजारामनं बायकांच्या बाजूला पाहिलं. कुंदा खांबाला टेकून बसली होती. ती आणि उत्तरा वीस वर्षं एकाच डबीतून मिसरी लावत आल्या होत्या. तिला सगळं ठाऊक होतं. हो म्हटलं असतं तरी ती काही बोलली नसती. राजारामला तिच्या त्या न बोलण्याचीच जास्त लाज वाटली.

"नाव देऊ नका," तो म्हणाला. "उत्तरा मिसरी लावत होती. तंबाखू मी आणून देत होतो. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. अध्यक्षाची बायको मिसरी लावते, हे सांगायला जीभ रेटली नाही. आणि कुंदाताईंच्या केतनला मी पोलिसांत दिलं. त्याच महिन्यात दोन पुडे घरी आणले होते."

चार-पाच बायकांनी पदर तोंडाशी नेला. श्यामसुंदरनं हळूच माइक काढून घेतला आणि भाऊ दुःखात आहेत, त्यांना बसू द्या, असं लोकांना सांगितलं. राजाराम म्हणाला, मी शुद्धीवर आहे. पण माइक त्याच्या हातात राहिला नव्हता, ते पुढच्या दोन रांगांनाच ऐकू गेलं.

लोक जेवले. त्याच्या पानाशेजारी संघमित्राशिवाय कुणी बसलं नाही.

पाहुणे पांगल्यावर तो कुंदाच्या दारात गेला. दार केतननं उघडलं. राजारामला पाहून तो आत वळला. कुंदा हात पुसत बाहेर आली. राजारामनं हात जोडले.

"आज नको, भाऊजी," कुंदा म्हणाली. "आज उत्तराचा दिवस आहे. आज तुम्हाला शिव्या दिल्या तर मलाच वाईट वाटेल. उद्या या."

"किती वाजता येऊ?"

"केतन घरी असेल तेव्हा या. आता तो घरीच असतो."