असेन्सियोची खबर

रेडिओ केंद्राला चाळीस वर्षं झाली म्हणून पाळक एलिसेओने केंद्राचा इतिहास लिहिला, आणि त्यात टॉवर देवाने उभा केला. यंत्र परदेशी मिशनऱ्यांनी दिलं, प्रार्थना एलिसेओच्या वडिलांनी केली, आणि लोखंड जणू आपणहून टेकडी चढून गेलं! त्रान्सितोने तो कागद दोनदा वाचला. तिच्या नवऱ्याचं, असेन्सियोचं नाव त्यात कुठेच नव्हतं. ते लोखंड पाठीवरून वर नेणारा तोच होता, आणि शेवटचा बोल्ट पिळताना वरून पडून मेला तोही तोच.

"एक ओळ घाल रे," ती एलिसेओला म्हणाली. "नुसतं नाव."

"मावशी, ते शेवटपर्यंत कॅथलिकच राहिले. सणाला प्यायचे, नाचायचे. आपल्या प्रॉटेस्टंट मंडळीच्या इतिहासात त्यांना कुठं बसवू?"

"टॉवरवर चढवताना तुझ्या बापानं नाही विचारलं, कुठल्या देवळात जातोस म्हणून."

एलिसेओ नुसता हसला. हसून वेळ मारून न्यायची कला त्याला बापाकडूनच मिळालेली.

पण त्रान्सितो तरी कुठल्या तोंडाने भांडणार? त्या काळी, टॉवर पुरा व्हायच्या आधी लहान खांबावरून प्रक्षेपण चालायचं तेव्हापासून, दुपारच्या खबरा तीच वाचायची. कोण आजारी, कुणाची गाय हरवली, कोण वारलं. त्या डोंगरात निरोप धाडायला दुसरं काही नव्हतंच. मयताची खबर ऐकली की लोक बटाटे, मका पाठीला बांधून त्या घरी निघायचे. असेन्सियोचं मयत घरात घोंगडीखाली होतं तेव्हाही ती माइकसमोर बसली, आणि एलिसेओच्या बापाने, तेव्हाच्या पाळकाने, कागदावरचं त्याचं नाव खोडलं. "खबर फक्त आपल्या मंडळीतल्यांची," तो म्हणाला. तिला त्या मंडळीत बाप्तिस्मा घेऊन तीनच महिने झाले होते. तिने हरवलेली गाय वाचली आणि उठली. त्या भित्रेपणाची तिला अजून किळस येते.

असेन्सियोचा धाकटा भाऊ मेल्चोर तेव्हा वरच्या माळावर मेंढ्या राखायचा, दिवसभराच्या वाटेवर. रोज दुपारी रेडिओला कान लावून बसायचा. त्याला कळलं तेव्हा माती देऊन नऊ दिवस उलटले होते. त्यानंतर तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही.

समारंभाच्या दिवशी एलिसेओने तिला माइकसमोर बसवलं. "जुन्यासारख्या खबरा वाचा, मावशी. लोकांना गंमत वाटेल."

तिने दोन खबरा वाचल्या. तिसरी कागदावर नव्हती.

"असेन्सियो ग्वाराका वारला. रेडिओचा टॉवर बांधताना पडून वारला. नातलगांनी, शेजाऱ्यांनी त्याच्या घरी यावं."

एलिसेओने धावत येऊन बटण दाबलं आणि गीत लावलं. पण खबर तोवर डोंगरभर गेली होती.

ती घरी आली आणि तिने मोठ्या हंड्यात मका शिजत टाकला. लोक येऊ लागले. पोरं पाठीशी बांधलेल्या बायका, गाठोडी घेतलेले म्हातारे.

"मयत कुठंय?"

"चाळीस वर्षांपूर्वी पुरलं."

"मग आम्हाला कशाला एवढं पळवलंस गं बाई?"

एकीने ओट्यावर ओतलेले बटाटे पुन्हा गाठोड्यात भरले. म्हातारी चळली, असं कुणीतरी मोठ्यानेच म्हणालं. काहीजण मका खाऊन गेले. असेन्सियो कोण होता, हे मात्र एकानेही विचारलं नाही. ते तिला सगळ्यात जास्त झोंबलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती हंडा घासत होती. फाटकाशी मेल्चोर उभा होता. सत्तरी गाठलेला, अंगावरचा लोकरी पोंचो चिखलाने भरलेला, पाठीवर बटाट्यांचं पोतं. ती लगबगीने उठली. "आत या, मेल्चोर. बसा."

तो आत आला नाही. त्याने पोतं फाटकातच ठेवलं, टोपी काढून हातात धरली.

"वहिनी," तो म्हणाला, "खबर काल मिळाली. लगेच निघालो."

आणि टोपी डोक्यावर घालून तो आल्या पावली परत वळला.