वडगावच्या लग्नाची सीडी

तन्वीरने कंप्युटरच्या डब्याचं पत्र्याचं झाकण ओढून काढलं आणि आत जोरात फुंकर मारली. धुळीचा लोट उठला. सिद्धेश्वर अप्पांनी उपरण्याने नाक-तोंड झाकलं, पण खुर्ची मागे घेतली नाही.

"अप्पा, जरा लांब बसा. डोळ्यात जाईल."

"जाऊ दे. काय निघालं ते सांग."

महिना झाला असेल, हे असंच चाललं होतं. कंप्युटरवर टायपिंग व्हायचं, गाणी वाजायची, प्रणिताचा कॉलेजचा अभ्यासही व्हायचा. व्हिडिओची सीडी घातली की मात्र काही वेळाने चित्र जागच्या जागी थांबायचं, पडदा काळा व्हायचा आणि सगळं मशीनच बंद पडायचं. अप्पांना पाहायची होती ती सीडी युसूफ वडगाव या गावी झालेल्या लग्नाची. धाकटे भाऊ योगीराज यांची मुलगी शिवकन्या, घरातली पहिली नांदायला गेलेली पोर, आणि त्याच लग्नाला थोरले चुलते हजर नव्हते. लग्नाच्या आठवड्यातच अप्पा दुकानाच्या पायरीवरून घसरले होते आणि मांडीपर्यंत प्लास्टर घेऊन माजलगावात पडून राहिले होते. बायको आणि मुलगी जाऊन आल्या. सीडी आली तेव्हापासून अप्पा रोज दुपारी दुकानातून येऊन पडद्यासमोर बसायचे. नवरदेव मंडपात यायचा, अंतरपाट धरला जायचा, आणि मशीन बंद.

"सीडीच खराब हाय, अप्पा," प्रणिता म्हणायची. मेकॅनिकला निरोप धाडते म्हणायची आणि विसरायची. शेवटी आज अप्पा स्वतः लंगडत बसस्टँडकडे गेले आणि कंप्युटर क्लासवाल्या तन्वीरला घेऊनच आले. तन्वीर अंबाजोगाईचा. वर्षभरापूर्वी त्याने माजलगावात क्लास टाकला होता.

त्याने आल्या आल्या पिशवीतली दुसरीच एक सीडी लावून पाहिली होती. तीही तशीच बंद पडली. म्हणजे सीडीचा दोष नव्हता. मग व्हिडिओ चालवायचं सॉफ्टवेअर काढून परत टाकलं, तरी तेच. तेव्हा त्याने डब्याच्या बाजूला तळहात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

आता झाकण निघालं होतं. त्याने चिमट्याने आतून करड्या रंगाचा एक लोळा उचलून दाखवला.

"कापूस हाय हा. मागं जिनिंग हाय ना तुमच्या, खिडकीतून येतो. त्यानं पंखाच जाम झालाय. गाण्याला मशीनवर जोर पडत न्हाई. पण चित्र हलायला लागलं की आतला भाग लई तापतो, आन तापला की जळू नये म्हणून मशीन आपणहून बंद होतं."

"म्हणजे सीडी चांगली हाय?"

"एकदम."

अप्पांनी विजयी मुद्रेने मुलीकडे पाहिलं. प्रणिता स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. तिने आत पाहिलं. तिची आई उमाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"राहू द्या ना आता," त्या म्हणाल्या. "लग्न झालं, पोरगी नांदायला लागली. त्यात काय बघायचं परत परत?"

"तू बघितलंस. मी कुठं बघितलंय?"

तन्वीरने ब्रशने धूळ झाडली, उष्णता ओढून घेणारी पांढरी पेस्ट लावली आणि पिशवीतला नवा पंखा बसवला. झाकण उघडंच ठेवून त्याने मशीन चालू केलं. पंखा बारीक घरघरत फिरू लागला.

मंडप आला. नवरदेव आला. अंतरपाट धरला गेला. अप्पा खुर्चीच्या कडेवर सरकले, श्वास धरून. वाजंत्री वाजली, चहूबाजूंनी हात वर गेले आणि पडद्यावर पिवळ्या तांदळांचा पाऊस पडला.

"पडल्या!" अप्पा ओरडले. "अक्षता पडल्या बघ!" त्यांचा उजवा हातही नकळत वर गेला होता. डोळे भरले होते आणि ते हसत होते.

प्रणिता लगबगीने पुढे आली. "झालं ना अप्पा? बंद करते आता. लाईट जाईल." तिने माऊसला हात घातला.

"थांब गं. पंगती होऊ दे. कोण कोण आलतं ते तर दिसू दे."

तिने हात काढला, पण तिथून हलली नाही. उमाबाई आत निघून गेल्या.

पंगती आल्या. व्हिडिओवाल्याने सगळ्या लग्नावर सनई आणि गाणी चढवली होती, त्यामुळे माणसांची तोंडं हलत होती आणि आवाज कुणाचाच येत नव्हता. अप्पा एकेकाला ओळखू लागले. हा केजचा, ती वच्छलाबाई, हे आमच्या मामांचे. मग बुंदीची बादली घेऊन एक माणूस दोन ओळींच्या मधून आला. भरदार, मिशा राखलेला, बाह्या दुमडलेला. डावा खांदा थोडा खाली पाडून चालत होता.

"हे तुमचे भाऊ का, अप्पा?" तन्वीरने सहज विचारलं. "चाल अगदी तुमच्यासारखी हाय."

"योगीराज? न्हाई, तो तर बारीक..."

अप्पांचं वाक्य तिथेच राहिलं. त्या माणसाने वाकून कुणाच्यातरी पत्रावळीवर बुंदी वाढली आणि मान वर केली. कॅमेऱ्याचा दिवा तोंडावर आला तसे त्याने डोळे बारीक केले.

केदारनाथ.

घरात हे नाव कुणी घेत नव्हतं. स्वतःच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, हळद लागल्यावर, अप्पांचा हा एकुलता एक मुलगा लातूरला कॉलेजात ओळख झालेल्या मुलीबरोबर निघून गेला होता. इकडे नवरी हळदीच्या अंगाने बसून राहिली. तिच्या बापाच्या, पंडित अप्पांच्या पायावर सिद्धेश्वर अप्पांनी भर मांडवात टोपी ठेवली होती. मेलो तरी त्या पोराचं तोंड बघणार न्हाई, असं चार माणसांसमोर म्हणाले होते. त्याला आता आठ-नऊ वर्षं होत आली होती. तो कुठे आहे, काय करतो, आहे की नाही, हेही अप्पांनी कधी विचारलं नव्हतं.

त्यांनी चष्मा काढला, उपरण्याने पुसला, परत लावला. पडद्यावर केदार तसाच होता. आता तो बायकांच्या पंगतीकडे वळला होता. तिथे उमाबाई बसल्या होत्या. नको नको म्हणून त्यांनी पत्रावळीवर आडवा हात धरला, त्याने हसत बोटांच्या फटीतून बुंदी सोडली. उमाबाईंनी त्याच्या कपाळावरचा घाम पदराने टिपला. अगदी रोजचं असल्यासारखं.

"मागं घे," अप्पा म्हणाले. आवाज ओळखू येत नव्हता.

तन्वीरने एकदा प्रणिताकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून खाली बसली होती. त्याने चित्र मागे घेतलं. परत बादली, परत ती चाल, परत पदर. या खेपेला अप्पा केदारकडे पाहत नव्हते. केदारने मान वर करण्याआधी ज्याच्या पत्रावळीवर बुंदी वाढली होती, त्या म्हाताऱ्याकडे पाहत होते. म्हाताऱ्याने बुंदीचा घास उचलला, केदारचं मनगट धरून त्याला खाली वाकवलं आणि तो घास त्याच्या तोंडात घातला. आजूबाजूची माणसं हसली.

पंडित अप्पा.

अप्पांचा हात डोक्याकडे गेला आणि टोपी चाचपडून तिथेच राहिला. तोंड उघडं होतं. तन्वीर हळूच स्क्रू गोळा करू लागला.

उमाबाई चहाचे कप घेऊन दारात आल्या आणि पडद्याकडे पाहून तिथेच थांबल्या.

"तुला ठावं होतं," अप्पा म्हणाले.

"भावजींनी बोलावलतं त्याला. आधी न्हाईच म्हणला." त्यांनी कप खाली टेकवले. "तुमचा पाय मोडला, तुमी येत न्हाई म्हणल्यावर आला."

अप्पांनी मान खाली घातली. प्लास्टर निघालेला पाय त्यांनी दोन्ही हातांनी उचलून थोडा जवळ ओढला.

"आन पंडित?"

"त्यांनीच हाताला धरून पंगतीत आणलं. म्हणले, माझी पोरगी सोन्यासारखी नांदायलीय, आता मी कुणावर राग धरू? तुमच्याकडं यायचं म्हणत होते. मीच नको म्हणलं."

"कावून?"

"तुमी काय कराल, याचं भ्या वाटलं."

पंखा घरघरत होता. मशीन बंद पडलं नाही. पडद्यावर एक फ्रॉकवाली पोर पंगतीतून पळत आली, पाय पत्रावळीवर पडता पडता वाचला. तिकडच्या उमाबाईंनी दोन्ही हात पसरून तिला हाक मारली. पोर वळली आणि धावत येऊन त्यांच्या मांडीत शिरली. तिच्या मागोमाग निळ्या साडीतली एक बाई हसत आली आणि केदारच्या शेजारी उभी राहिली.

अप्पा झटकन पुढे झुकले.

"आवाज वाढव."

तन्वीरने आवाज वाढवला. सनई मोठ्याने वाजू लागली.

"अजून."

"अप्पा, वरून गाणी टाकलीत. बोलणं न्हाई त्याच्यात."

"मागं घे. ती पळत येती तिथून."

परत पोर पळत आली. परत उमाबाईंचे ओठ हलले. अप्पांनी त्या ओठांकडे टक लावून पाहिलं, स्वतःचेही ओठ तसेच हलवून पाहिले. मग ते वळले. दारातल्या उमाबाईंकडे त्यांनी पाहिलं.

"काय हाक मारली तू तिला?"

प्रणिता डोळे पुसत पुढे आली, सांगायला तिने तोंड उघडलं, तसा अप्पांनी हात वर करून तिला थांबवलं.

"तू न्हाई," ते म्हणाले. "तिला सांगू दे."