चाळीस पावलं सरकलेला मैलाचा दगड

मित्रांनो, मी एक जुना मैलाचा दगड आहे आणि गेली बावीस वर्षं मी खोटं सांगतो आहे.

दक्षिण इटलीच्या या डोंगरात रोमन सैनिकांनी मला घडवलं. अंगावर सम्राटाचं नाव आणि त्रेसष्टचा आकडा कोरला. सम्राटाचा खून झाला. नवं नाव कोरलं. त्याचाही झाला. तिसऱ्या खेपेला पाथरवटाने नाव जरा उथळच कोरलं. आकडा मात्र कोणी बदलला नाही. रस्ता सरळ होता आणि मी खरा होतो.

पुढे सैन्य गेलं, मेंढपाळ आले. त्यांनी माझ्यावर पाठी खाजवल्या, मेंढ्यांनीही खाजवल्या. मान दिला तो फक्त आंधळ्या कानियोने. दर रविवारी चर्चहून तो एकटाच परतायचा. मला चाचपायचा, अक्षरांकडे पाठ करायचा आणि नाकासमोर चालत घर गाठायचा.

त्याच्या मुलाला, साविनोला, द्राक्षवेलींची एक ओळ वाढवायची होती. मी मध्ये येत होतो. एका रविवारी सकाळी त्याने ट्रॅक्टरला साखळी बांधून मला चाळीस पावलं खाली ओढलं आणि घळीच्या काठाशी उभं केलं.

"बाबा ह्याला हात लावून घरी येतात," त्याची बायको नुन्त्सिया म्हणाली.

"आले की सांगतो त्यांना."

"आल्यावर? गाय विकलीस तेही गोठा रिकामा झाल्यावर सांगितलंस."

"बरं, जेवण झालं की आणायला जातो. झालं समाधान?"

जेवणात नवी वाइन होती. साविनोचा डोळा लागला.

कानियो आला. जुन्या जागी काठी फिरवली, तर खड्डा. काठी आपटत, चाचपडत तो उतारावर आला आणि मी सापडलो.

"इथे आहेस होय," मला थोपटत तो म्हणाला. "म्हातारपणी पाय चुकतात बघ. दगड थोडाच चुकणार."

त्याने अक्षरांकडे पाठ केली. मी सहा पावलं मोजली. सातवं ऐकू आलं नाही.

साविनोने माझ्यावर बापाचं नाव कोरून घेतलं, सम्राटांच्या खाली. हल्ली जुना रोमन रस्ता पायी चालायला लोक येतात. ते वहीत लिहून घेतात, 'कानियो, अज्ञात सम्राट.' साविनो त्यांची चूक सुधारत नाही. तो माझ्याशेजारी स्टुलावर बसतो आणि एवढंच म्हणतो, "इकडून नको. वर चाळीस पावलं." धुकं असलं तर जेवायलाही उठत नाही.

"दगडच वर नेऊन ठेव की," नुन्त्सिया डबा आणून देताना म्हणते.

"बाबांचं नाव आहे त्याच्यावर. एकदा हलवलं तेवढं पुरे."

मित्रांनो, या वाटेने आलात तर चार जण मिळून मला वर ढकला. साविनो सत्तरीला टेकला आहे. त्याच्यामागे धुक्यात इथे मी एकटाच असेन, आणि माझ्यावर लोकांचा फार विश्वास आहे.