एकतीस क्रमांकाची खुर्ची

तिने खुर्चीच्या पाठीवरची चिठ्ठी पुन्हा वाचली. एकतीस. हातातल्या पासवरही एकतीसच. पण हा पास नव्या मंत्र्याच्या बायकोचा होता, जी दारात थांबली होती, आणि खुर्चीवर सत्तरीच्या एक बाई आधीच बसल्या होत्या.

चूक तिचीच होती; पास वाटायचं काम तिच्याकडे होतं. शपथविधीला येणाऱ्या नातेवाइकांच्या पासांवर राजशिष्टाचार विभाग नाव घालत नाही, फक्त क्रमांक. आघाडीत नावं शेवटच्या तासापर्यंत बदलतात. चार पक्ष, पाच खासदारांमागे एक मंत्रिपद, असं ठरलं होतं. सकाळी साडेनऊला एका पक्षाने आणखी एक पद मागितलं, आणि सर्वांत छोट्या पक्षाचा एकुलता एक मंत्री यादीतून गळला. तिने नवा पास दिला. जुना परत मागवायचा राहून गेला.

“एका खुर्चीला दोन पास!” तिचे साहेब कुजबुजले. “याच्यापेक्षा लग्नातले रुसवेफुगवे परवडले, मॅडम. गळालेल्या माणसाची आई आहे ती. कॅमेरे सुरू व्हायच्या आत उठवा.”

ती खुर्चीशेजारी वाकली.

“मावशी, जरा बोलायचं होतं.”

“मुलाचं नाव कापलं, हेच ना? गाडीत असतानाच त्याचा फोन आला. म्हणाला, परत फीर. आपलं कोणी तिथे जाणार नाही, संध्याकाळी पाठिंबाही काढतो.”

तिने मनातल्या मनात हिशेब केला. सरकारकडे बहुमतापेक्षा तीनच खासदार जास्त होते. छोट्या पक्षाचे पाच.

“त्याचा राग खोटा नाही,” बाई म्हणाल्या. “शब्द दिला होता त्याला. पण तीन वर्षांत तीन निवडणुका झाल्या, तीनदा मत दिलं गं मी. रांगेत उभं राहून, तिन्ही वेळा त्यालाच. गुडघे बोलायला लागलेत आता. चौथ्यांदा उभं राहणं जमायचं नाही.” त्या जराशा हसल्या. “आता तुला उठवायचंच असेल, तर हात दे.”

तिने हात दिला नाही. प्रवेशद्वाराजवळच्या टेबलामागची स्वतःची खुर्ची उचलून आणली, रांगेच्या टोकाला ठेवली आणि नव्या मंत्र्याच्या बायकोला तिथे बसवलं.

“हे काय चाललंय?” साहेबांनी विचारलं.

“त्या पक्षाचं म्हणून इथे आलेलं हे एकच माणूस आहे, साहेब.”

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि ते पुढे निघून गेले.

शपथा सुरू झाल्या. ती भिंतीला टेकून उभी राहिली. तिसावं नाव पुकारलं गेलं, तेव्हा बाईंच्या मांडीवरचा फोन थरथरला. त्यांनी तो हात लांब करून वाचला, मग तिला जवळ बोलावून दाखवला.

‘आई, टीव्हीवर दिसते आहेस.’

“कॅमेरा कुठल्या बाजूला आहे गं?”

तिने डोळ्यांनीच दाखवलं.

एकतिसावा मंत्री सही करून वळला. बाईंनी फोन पालथा ठेवला, कॅमेऱ्याकडे तोंड केलं आणि सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.