संगमेशनं पुसलेल्या फायली

संगमेश दारात आला तेव्हा महादेवीनं त्याला बस म्हटलं नाही. सख्ख्या दिराचा पोरगा, चादरीच्या कारखान्याचा मालक. तरी नाही म्हटलं.

चादरीची नक्षी मागाला कळेल अशी करून देणारा प्रोग्राम तिच्या नातीनं, त्याच कारखान्यात कामाला असलेल्या सृष्टीनं, घरी बसून लिहिला होता. कारखान्यात तो चालला आणि संगमेशनं भर कार्यक्रमात सांगितलं, आमच्या अनिलकुमारनं केला. अनिलकुमार त्याचा मुलगा. दुसऱ्या दिवशी सृष्टीला निरोप आला, उद्यापासून येऊ नको. तेव्हापासून महादेवीच्या पोटात जाळ होता आणि तिनं तो विझू दिला नव्हता.

"काकू, नवे माग आलेत. पन्हा मोठा हाय. प्रोग्राममधी तेवढा आकडा बदलायचाय, पण फाईल उघडली की नुसत्या मुंग्या, एक अक्षर लागत न्हाई."

"मग अनिलकुमारला सांग की. त्यानंच केलाय न्हवं?"

संगमेशनं आत डोकावून पाहिलं.

सृष्टी आतून म्हणाली, "अव्वा, मी लिहिलेल्या फायली त्यांनी पुसल्या. कंपाईल करून झालेला बाइटकोड तेवढा ठेवला. तो यंत्राला कळतो, माणसाला वाचता येत नाही."

"एका नावाच्या दोन-दोन दिसल्या, काकू. नक्षीच्या कागदावरनं मागाचे भोकांचे पत्ते पाडून झाले की कागद रद्दीत घालतो की आपण. तसंच वाटलं. सृष्टीकडं मूळ फायली असतील न्हवं?"

"हायत. आधी पोरीचं नाव पुसलंस, मग फायली. हात चांगला बसलाय तुझा."

"काय पायजे ते सांगा."

"उद्या पाळी बदलताना सगळ्या कामगारांपुढं सांगायचं, कुणी लिहिला ते. अनिलकुमारला शेजारी उभा करून."

दुसऱ्या दिवशी महादेवी इरकल लुगडं नेसून कारखान्यात पहिल्या खुर्चीवर बसली. प्रोग्राम सृष्टीनं लिहिला, असं संगमेश पुटपुटला. "जरा मोठ्यानं," ती म्हणाली, "मागच्यांना ऐकू येईना." त्याला सगळं परत सांगावं लागलं. अनिलकुमारची मान वर आली नाही.

घरी येऊन सृष्टीनं आकडा बदलला, कंपाईल केलं. "अव्वा, मूळ फाईल पण देऊ?"

"वाचता येती ती हितंच राहू दे. मागाला चालंल तेवढं दे."

मागोमाग आलेल्या संगमेशनं पेनड्राइव्ह खिशात टाकला. "काकू, पुढं काही बदलायचं झालं तर?"

"यायचं परत. आमी कुटं जातोय?"

"दर वेळी?"

"दर वेळी. आनि अनिलकुमारला संगं आनायचं."